हप्ता माझा, तोटा माझा, करही मीच भरायचा?

“सरळमार्गी राहिलो हेच चुकलं का हो आमचं?”

घर, कर्ज आणि कर या तीन गोष्टी एका दमात सांगून झाल्या की माझ्यासमोर बसलेली माणसं शेवटी या प्रश्नावर येतात. घर घेतलं आणि भाव पडले. कर्ज जागचं हललं नाही. पगार हातात यायच्या आत कर कापून जातो, आणि ज्यांनी जन्मात कधी खरं उत्पन्न दाखवलं नाही ते मजेत आहेत. शब्द बदलतात, क्रम बदलत नाही. घरांचा बाजार मंदावला की याच सुराच्या बैठका वाढतात, म्हणून एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

मी समुपदेशक. माझ्याकडे पैशाचा सल्ला मागायला कोणी येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, घरात बोलणं तुटलंय म्हणून येतात, डॉक्टरांनी “रक्तदाब ताणामुळे वाढलाय” असं सांगितलं म्हणून येतात. पैसा नंतर निघतो. ज्यांच्याबद्दल आज लिहिते आहे ते गृहस्थ मात्र फाइल घेऊनच आले होते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गाव सांगत नाही आणि खरे आकडेही देत नाही. घराची खरेदी किंमत १०० धरते, बाकी सगळं त्या हिशेबात. वाचकांनाही ते सोयीचं पडेल, आपापला आकडा घालून बघता येईल.

तर, घर १०० ला घेतलं. २० स्वतःचे, त्यातले ८ पत्नीच्या बचतीतले. ८० कर्ज. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता कर्ज ७२ वर आलं, आणि तेवढ्या काळात बाजारभाव ६८ वर. म्हणजे घर विकलं तरी कर्ज फिटत नाही, वर खिशातून ४ घालावे लागतात. लोकांना इथे एक गोष्ट पटकन कळत नाही. घर उतरलं ३२ टक्क्यांनी, पण यांनी त्यात घातलेले २० आणि फेडलेले ८, असे सगळे २८ गेले आणि ४ अंगावर आले. कर्ज काढून घेतलेल्या वस्तूचा भाव पडला की पहिला घाव आपल्या वाट्यावर बसतो, सावकाराच्या नाही. “भाव थोडाच तर पडलाय” असं बाहेरचा माणूस म्हणतो तेव्हा घरातल्या माणसाचा संताप होतो, त्याचं कारण या गणितात आहे.

“काय त्रास होतोय?” मी विचारलं.

“मला काही त्रास नाही, मॅडम. त्रास व्यवस्थेत आहे.”

फाइलमध्ये सॅलरी स्लिपा महिन्याच्या क्रमाने लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर कराच्या कपातीभोवती लाल पेनाने गोल. जुन्या स्लिपांवर तो एकेरी होता. अलीकडच्या स्लिपांवर पेन इतक्यांदा फिरलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला वळ लागत होता.

“चोर सोडून संन्याशाला फाशी. माझा आतेभाऊ बघा. धंदा आहे, दोन गाड्या आहेत, आणि कर माझ्या निम्मासुद्धा भरत नाही.”

पत्नी इतका वेळ गप्प होती. “ताई, जेवायला बसलं की रोज हाच विषय,” ती म्हणाली. “मुलगी ताट उचलून खोलीत जाते.”

अशा वेळी “सकारात्मक विचार करा” म्हणणारे समुपदेशक मला झेपत नाहीत. माणसाची तक्रार खरी असेल तर ती आधी खरी म्हणून मान्य करावी, आणि यांच्या तक्रारीत तथ्य होतं. पगारातून परस्पर कर कापायची पद्धत अमेरिकेत १९४३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४४ मध्ये लागू झाली, दोन्हीकडे युद्धाचा खर्च भागवताना. तेव्हापासून बहुतेक जगात पगारदाराचं उत्पन्न मालकच सरकारला कळवतो. डेन्मार्कमध्ये चाळीस हजारांहून अधिक करदात्यांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या उत्पन्नाची माहिती तिसऱ्याकडून सरकारला जाते तिथे करचुकवेगिरी जवळपास शून्य निघाली, आणि जे उत्पन्न माणूस स्वतः सांगतो तिथे ती चांगलीच निघाली. आतेभावाचं मला माहीत नाही, पण पगारदाराला लपवायला जागा नसते ही गोष्ट खरी.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते जरा सैल झाले. बहुतेक इतके दिवस सगळ्यांनी “जाऊ दे ना” एवढंच म्हटलं असावं. मी आणखी एक सांगितलं. ही तक्रार प्राप्तिकराइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १७९९ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी हा कर आणला तो फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी. ६० पौंडांच्या आतल्या उत्पन्नाला माफी, २०० च्या वर १० टक्के. पुढे एकोणिसाव्या शतकभर वाद चालला की आजारी पडलो की थांबणारी कमाई आणि जमिनीचं बसून येणारं भाडं यांवर एकाच दराने कर का. अखेर १९०७ मध्ये तिथले अर्थमंत्री ॲस्क्विथ यांनी मेहनतीच्या कमाईला, ठरावीक मर्यादेपर्यंत, कमी दर दिला. मोठमोठ्या डोक्यांना जो प्रश्न सोडवायला शंभर वर्षं लागली, तो तुम्ही रोज रात्री जेवणाच्या ताटावर सोडवायला बसता, असं मी म्हटलं. पत्नी हसली. ते हसले नाहीत, पण फाइल मिटली.

पुढच्या दोन-तीन भेटी मी मुद्दाम आकड्यांत घालवल्या. समुपदेशकाने आकड्यांत का शिरावं, असं माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव असा की पैशाच्या काळजीत अर्धी काळजी आणि अर्धा चुकीचा हिशेब असतो, आणि हिशेब दुरुस्त केल्याशिवाय काळजीला हात लावता येत नाही.

“सरकार माझ्या कमाईतले ३० टक्के नेतं,” ते नेहमी म्हणायचे. मी म्हटलं, वर्षभराचा कर भागिले वर्षभराचा एकूण पगार, इथेच करून बघा. फोनवर केलं. १४ टक्के आले. पुन्हा केलं, पुन्हा १४. ३० हा वरच्या टप्प्याचा दर होता आणि त्यांच्या पगाराचा थोडासाच भाग त्या टप्प्यात जात होता. १४ टक्के कमी नाहीत. पण रात्री दोन वाजता ३० चा राग येणं आणि १४ चा राग येणं यात फरक पडतो.

याच गैरसमजापायी त्यांनी गेल्या वर्षी बढती नाकारली होती, हे तेव्हा बाहेर आलं. पत्नीलाही माहीत नव्हतं. “वरच्या टप्प्यात गेलो असतो, हातात उलट कमी आलं असतं,” त्यांचं म्हणणं. हा समज मी शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांतही बघते, म्हणून इथे थोडी थांबते. समजा पहिल्या १०० वर कर नाही, पुढच्या १०० वर १० टक्के आणि २०० च्या वर २० टक्के. तुमचं उत्पन्न २०० आहे, कर १०, हातात १९०. पगार वाढून २१० झाला. वीस टक्के लागणार ते फक्त वरच्या १० वर, म्हणजे २. एकूण कर १२, हातात १९८. हे गृहस्थ संपूर्ण २१० वर २० टक्के लावत होते, ४२ कर काढत होते आणि वाढ नाकारत होते. काही देशांत ठरावीक उत्पन्नाच्या वर सवलती कमी होत जातात, तिथे गणित खरंच टोचतं. ब्रिटनमध्ये एक लाख पौंडांच्या वर करमुक्त रक्कम दर दोन पौंडांमागे एक पौंड कमी होत जाते, आणि त्या पट्ट्यात वाढीव कमाईवर प्रत्यक्षात ६० टक्के बसतात. त्यामुळे आपल्याकडचा नियम बघून, कागदावर मांडून ठरवावं. ऐकीव माहितीवर बढती सोडू नये.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?” पत्नीने विचारलं. ते खिडकीकडे बघत राहिले. मी त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही, पण वहीत नोंद केली. करावर बोलताना ज्याचा आवाज खोलीबाहेर जातो तो माणूस इथे गप्प झाला होता.

एकदा मी त्यांना घरी करायला एक काम दिलं. ऑफिसात तुमच्याइतकाच पगार असलेला, भाड्याने राहणारा कोणी आहे ना? त्याच्या वतीने तुमच्याविरुद्ध तक्रार लिहून आणा. त्यांना ते पटलं नव्हतं, पण आणली, आणि चांगली आणली. वकील व्हायला हवं होतं. मुद्दा असा: दोघांना पगार सारखा, कर सारखा. तो कर भरून उरलेल्या पैशातून भाडं देतो. घरमालक स्वतःच्या घरात राहून जे भाडं वाचवतो ते कोणी उत्पन्नात धरत नाही. मी त्यात भर घातली. काही देशांनी ते धरून बघितलं आहे. ब्रिटनमध्ये राहत्या घराच्या अशा मानीव भाड्यावर १९६३ पर्यंत कर होता, आणि नेदरलँड्समध्ये आजही घराच्या मूल्याचा एक छोटा अंश मालकाच्या उत्पन्नात मिळवला जातो. “तोटा झाला तर सरकार वाटेकरी होत नाही” हा त्यांचा लाडका मुद्दाही तपासला. अमेरिकेत राहत्या घराच्या विक्रीतला तोटा करातून वजा होत नाही हे खरं. पण तिथेच १९९७ पासून अशा विक्रीतला अडीच लाख डॉलरपर्यंतचा नफा, नवरा-बायको मिळून पाच लाखांपर्यंतचा, अटींत बसला तर करमुक्त आहे.

“म्हणजे त्याच्याही बाजूने खटला उभा राहतो,” ते म्हणाले. नाइलाजाने म्हणाले, पण म्हणाले.

आता घराकडे येते. त्यांनी घर विकायला काढलं होतं. जाहिरात वर्षाहून अधिक काळ फोनवर होती, आणि रात्री झोपण्यापूर्वी ते ती उघडून किती जणांनी पाहिली ते बघत. मागितलेली किंमत ११२.

“हा आकडा कुठून आला?”

“१०० खरेदी. ७ नोंदणी आणि इतर खर्च. ५ आतलं काम, स्वयंपाकघर, कपाटं.”

“आणि शेजारचं घर कितीला गेलं?”

“६८. पण तो अडचणीत होता.”

अडचणीत असलेले शेजारी अशा काळात फार निघतात. आपण काय खर्च केला याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नसतं, हे सगळ्यांना दुसऱ्याच्या घराबाबत कळतं. डेव्हिड जेनसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तोट्यात असलेल्या मालकांनी तशाच इतर फ्लॅटांपेक्षा जास्त किंमत मागितली. खरेदी किंमत आणि मिळू शकणारी किंमत यांत जी तफावत होती, तिच्या साधारण २५ ते ३५ टक्क्यांनी जास्त. परिणाम काय, तर घरं जास्त काळ पडून राहिली. स्वतः राहणाऱ्या मालकांत ही प्रवृत्ती गुंतवणूकदारांपेक्षा अधिक दिसली. तोटा आपल्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. आमच्या गृहस्थांनी तफावतीच्या टक्क्यांत न पडता सगळीच तफावत मागितली होती, वर कपाटांचे पैसे.

मला मात्र त्या ११२ मध्ये वेगळंच काही दिसत होतं. तो आकडा विकण्यासाठी नव्हताच. त्या किमतीला गिऱ्हाईक येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. जाहिरात जिवंत असेपर्यंत तोटा झाला असं म्हणावं लागत नव्हतं.

ज्या भेटीत गाठ सुटली ती भेट सुरुवातीला नेहमीसारखीच चालली होती. आतेभावाने नवी जागा घेतल्याची बातमी आली होती आणि गृहस्थ तापले होते. ते बोलून थांबेपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं, “समजा उद्या सकाळी त्यांनी मागचा-पुढचा पै न् पै कर भरला. तुमचा हप्ता किती होईल?”

“म्हणजे?”

“या महिन्याचा हप्ता. किती भराल?”

“तेवढाच.”

“घराचा भाव?”

“तेवढाच.”

“झोप?”

याला उत्तर आलं नाही. मी शांत बसले. समुपदेशनात काय विचारावं हे पुस्तकांतून शिकता येतं, विचारून झाल्यावर किती वेळ गप्प बसावं हे शिकायला मला अनेक वर्षं लागली. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, आणि त्यांनी जे विचारलं ते मला सुचलं नसतं.

“अहो, मग भाऊजींना रोज आपल्या घरात का आणता? कोणाला लपवायला?”

ते एकदम तिच्याकडे वळले. “तुला माहितीये कशाला. भाड्याने राहू म्हणत होतीस तू. मीच हट्ट केला. तुझे पैसे घेतले.”

“मी कधी बोलले का त्यावरून?”

“बोलत नाहीस, तेच तर.”

एवढंच. पाच वर्षांत या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं नव्हतं. पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांशी बोलत होते आणि मला काही काम नव्हतं. माझ्या मते समुपदेशकाचा तो सर्वांत चांगला अर्धा तास.

त्या दिवशी मला जे स्पष्ट दिसलं ते नंतर अनेक घरांत दिसत आलं आहे. घराच्या भावाची घसरण ही बिनचेहऱ्याची गोष्ट. व्याजदर बदलतात, बँका हात आखडतात, एका शहरात घरं गरजेपेक्षा जास्त बांधली जातात. यात रागवायचं कोणावर? कोणीच समोर नसतं तेव्हा माणूस स्वतःकडे बोट दाखवतो, आणि ते सोसवत नाही. कराला मात्र चेहरा आहे. सरकार आहे, चुकवणारा आतेभाऊ आहे, लाल पेनाने गोल करता येईल अशी ओळ आहे. घराचं दुःख तिकडे वळवलं की “मी चुकलो का” हा प्रश्न विचारावाच लागत नाही. कराबद्दलचा राग खोटा असतो असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगावर दुसऱ्याचं ओझं टाकलेलं असतं, म्हणून तो जेवणाच्या वेळी रोज हजर होतो.

मी ज्या मुशीत घडले ती मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ विचारांची. त्यात एका भेदाला फार महत्त्व आहे. माणसाचा एखादा निर्णय वाईट निघाला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. आमच्या गृहस्थांनी स्वतःवर “मी कुटुंब बुडवलं” असा शिक्का मारून घेतला होता आणि तो कोणाला दिसू नये म्हणून ही सगळी धडपड. मी त्यांना विचारलं, घर घेताना तुमच्यापाशी कोणती माहिती होती? भाव वर्षानुवर्षं चढत होते, नोकरी पक्की होती, बँकेने कागद तपासून कर्ज दिलं होतं. २००७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी जाहीर भाषणात सांगितलं होतं की सबप्राइम, म्हणजे पत कमी असलेल्यांना दिलेल्या, गृहकर्जांच्या अडचणीची मोठी झळ बाकीच्या अर्थव्यवस्थेला लागेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी काय झालं ते जगाने पाहिलं. त्यांच्या हाताशी तर अर्थतज्ज्ञांची फौज होती.

“म्हणजे माझी काही चूक नाही?” त्यांनी विचारलं.

तसंही नाही. भाव कायम चढतच राहतील हे गृहीत धरलं, हाताशी काही शिल्लक न ठेवता सगळी बचत घातली आणि पत्नीचं म्हणणं ऐकलं नाही, या तीन गोष्टी त्यांच्या होत्या. त्या मान्य केल्या तर पुढे सुधारता येतात. “मी नालायक आहे” यात सुधारायला काहीच सापडत नाही.

यानंतर कामाला वेग आला. खरं तर यापुढचं सगळं साधं आहे, फक्त मन मोकळं झाल्याशिवाय कोणी ते करत नाही.

आधी जाहिरात काढून टाकली, कारण विकायची गरजच नव्हती. राहायला घर लागत होतं, हप्ता पगारात बसत होता, बदलीची शक्यता नव्हती. पडलेला भाव विकणाऱ्याला रोख मोजावा लागतो, राहणाऱ्याला नाही. गाव सोडावं लागणार असेल, हप्ता खरोखर झेपत नसेल किंवा संसारच वेगळा होणार असेल, तर विकण्याचा विचार करावा, आणि मग आजच्या भावाने करावा. ११२ ची वाट बघू नये.

“थांबलो तर भाव परत येईलच ना?” हे मला प्रत्येक जण विचारतो. येईलही, पण केव्हा ते कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेत २००६ नंतर भाव देशभरात सरासरी चौथ्या हिश्श्याहून जास्त पडले आणि जुन्या उंचीवर यायला साधारण दहा वर्षं लागली. आयर्लंडमध्ये २००७ नंतर ते निम्म्याहून खाली गेले आणि जुना आकडा २०२२ मध्ये ओलांडला. जपानमध्ये १९९१ च्या आसपास जमिनीचे भाव शिखरावर होते. त्यानंतर ते दीड दशक पडत राहिले आणि देशाची सरासरी अजून त्या शिखराच्या बरीच खाली आहे. म्हणून थांबायचं ते घर हवं आहे म्हणून. भाव वसूल होईल या भरवशावर थांबणारा माणूस पुन्हा रात्री फोन उघडून बसतो.

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की बँकेला चावी परत दिली की सुटका. ही समजूत धोक्याची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहतं घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाबाबत बँक घर घेऊन थांबते, बाकी मालमत्तेला हात लावत नाही. स्पेनमध्ये २००८ नंतर घर गेलेल्या कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावर उरलेलं कर्ज तसंच राहिलं. आपल्या करारात काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय चावीचा विचार करू नये. हप्ता अवघड जाईल असं दिसताच, तो चुकायच्या आधी बँकेशी बोलावं. वेळेवर हप्ते भरत आलेल्या आणि मुदत वाढवून मागणाऱ्या ग्राहकाशी बँक एका भाषेत बोलते आणि तीन हप्ते थकलेल्याशी दुसऱ्या.

कर्ज लवकर फेडून टाकायची त्यांना फार घाई होती. मी ती थांबवली. आधी निदान तीन-चार महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला पडू दे. कर्जाच्या मानाने घराची किंमत कमी असताना नवी बँक तुमचं कर्ज घ्यायला सहसा तयार होत नाही आणि घर तारण ठेवून पैसेही मिळत नाहीत. अशा वेळी नोकरी गेली तर हातातली रोकडच उपयोगी पडते.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कराच्या नावाने पाच वर्षं बोटं मोडणाऱ्या या गृहस्थांनी त्यांना कायद्याने मिळणारी एक वजावट कधी मागितलीच नव्हती. “त्या किचकट अर्जात कोण पडणार” म्हणून. पत्नीने एका रविवारी बसून तो अर्ज शोधला. रागाची हीच तर गंमत आहे, तो फार मेहनत करायला लावतो पण अर्ज भरू देत नाही. मागच्या किती वर्षांसाठी दुरुस्ती करता येते हे त्यांनी करसल्लागाराला विचारलं, त्यातले काही पैसे परत आले आणि बाजूला ठेवायच्या रकमेची सुरुवात त्यातून झाली. ज्यांची झोप कराने उडाली आहे त्यांनी वर्षातून एकदा जाणकाराची फी भरावी, असा माझा आग्रह असतो.

कुणाची काळजी याच्या पलीकडे गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर हिशेबाची वही मिटून आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं, आणि त्याच दिवशी जायचं. कर्जाला मुदत मागता येते.

कराबद्दलचं त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, आणि ते बदलावं असं मलाही वाटत नव्हतं. फक्त त्याला जागा ठरवून दिली. करावरच्या सूचना मागवल्या जातात तेव्हा लेखी पाठवायच्या, मतदानाच्या वेळी लक्षात ठेवायचं, पगारदारांच्या संघटनेच्या बैठकीत बोलायचं. जेवताना बोलायचं नाही, हा नियम मुलीने केला. त्यांनी पाठवलेलं निवेदन मी वाचलं आहे. मुद्देसूद होतं, भाडेकरूंची बाजूही त्यात होती. पुढच्या फेरीत बढतीसाठी अर्ज केला. ती मिळाली की नाही ते हा लेख लिहीपर्यंत कळलेलं नाही.

शेवटच्या भेटीत दोघं उठताना पत्नी म्हणाली, “ताई, पुढच्या आठवड्यात मी एकटी येऊ का?” घरात तिचे ८ गेले होते, घराच्या कागदांवर तिचं नाव नव्हतं, आणि तिला त्याबद्दल बोलायचं होतं. मी बुधवारची वेळ दिली.